डी ड्राइव्हमधल्या म्हाताऱ्या

आमच्या घरातल्या एक्स्टर्नल ड्राइव्हला वर्षातून एकदा गंध आणि कुंकू लागत असे. आयुधपूजेला चेन्नईत सगळ्याच यंत्रांना लागते. बस, लेथ, इस्त्री, मिक्सर, दुकानदाराचा कॅल्क्युलेटर; ज्याच्यावर पोट चालते त्याच्यापुढे चुरमुरे आणि गूळ. माझी बायको तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. पूजेच्या आदल्या दिवशी ती तिच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायची, ड्राइव्ह कोरड्या फडक्याने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे पुस्तकांच्या चळतीवर ठेवायची. वायर लावायच्या खाचेत ओले गंध जाऊ नये म्हणून त्या टोकाला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. गणिताच्या शिक्षिकेची भक्ती अशी असते.

पूजेला ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. पुस्तक वाचायचे नाही, यंत्र चालवायचे नाही. विजयादशमीला सगळे उचलायचे, पुस्तकाचे एखादे पान वाचायचे, की झाले. पान आम्ही वाचत होतो. ड्राइव्ह मात्र देवापुढून उचलला की थेट कपाटात जाई. आत काय आहे हे त्याला कोणी कधी विचारले नाही. देवाला तरी लोक अधूनमधून विचारतात.

आत म्हाताऱ्या होत्या. निदान आम्ही तसे समजत होतो.

तंजावरची मराठी बोली राजांबरोबर दक्षिणेत आली. राजे गेले, भाषा राहिली, पण स्वयंपाकघरात. बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि चुलीपाशी ही. मी नोकरीसाठी साताऱ्याहून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात आलो, हिशेब खात्यात बसलो आणि लग्नाने या घरात शिरलो, तेव्हा सासूबाई मला पहिल्याच जेवणात म्हणाल्या, "अस्की वाढून घ्या." अस्की म्हणजे सगळे. मी सगळे वाढून घेतले.

मुले शाळेतून तमिळ घेऊन घरी येऊ लागली आणि म्हाताऱ्या एकेक करून जाऊ लागल्या, तेव्हा बायकोने एक छोटा रेकॉर्डर विकत घेतला. इथल्या मराठी मंडळातल्या विद्वानांनी तिला ओव्या आणि लग्नातली गाणी गोळा करायला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि शिव्या गोळा केल्या. दूधवाल्याला कसे झापायचे, मांजराला कसे हाकलायचे, उशिरा उठलेल्या सुनेला थेट न बोलता कसे बोलायचे. तिचे म्हणणे असे की माणूस गाणे दुसऱ्याचे म्हणतो, शिवी स्वतःची देतो.

तिची पद्धतही तिचीच होती. ज्या घरी जायचे तिथे पिशवीभर अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन जायची. रेकॉर्डर विळीशेजारी ठेवायचा, तो सुरू आहे हे सांगायचे, आणि दोघींनी शेंगा सोलायला बसायचे. हात रिकामे असले की म्हातारी भाषण करते. हातात शेंगा असल्या की बोलते. अड्यारपासून ट्रिप्लिकेनपर्यंतच्या कितीतरी घरांत तिने अशा शेंगा सोलल्या. सर्वांत जास्त सोलल्या त्या आपल्या आईबरोबर. रेकॉर्डरची मेमरी लहान होती, म्हणून आवाज कॉम्प्युटरवर उतरवले की ती रेकॉर्डर पुसून पुन्हा रिकामा करी. सासूबाई गेल्या तेव्हा ती फारशी रडली नाही. "आहे ना ती," म्हणाली. कॉम्प्युटरकडे पाहून.

मग तिचा भाचा आला. धाकट्या बहिणीचा हा मुलगा एका मोठ्या कंपनीत आर्किटेक्ट आहे. घरे बांधत नाही, सोल्यूशन्स बांधतो. मावशीला तो तमिळ पद्धतीने पेरिम्मा म्हणतो आणि बोलतो बहुतेक इंग्रजीत. मावशीच्या सत्तरीला त्याने नवा कॉम्प्युटर आणला, बशीएवढा पातळ.

"पेरिम्मा, हा जुना डबा म्युझियमला द्यायचा आता. ही सिस्टिम अजून कोणी वापरतं?"

"मी वापरते."

"व्हायरस येईल."

"इंटरनेटच नाही त्याला. कुठून येईल? खिडकीतून?"

तो हसला. मग त्याने कामाचे विचारले. "बॅकअप आहे ना?"

"आहे की. दर आयुधपूजेला घेते."

"सूपर!" तो म्हणाला आणि डबा गाडीत घालून घेऊन गेला. त्याच्या कंपनीत हरित सप्ताह होता. लोकांनी घरातली जुनी यंत्रे आणायची, कंपनी ती जबाबदारीने नष्ट करणार, आणि आणणाऱ्याला तुळशीचे रोप मिळणार. आठवड्याभराने आम्हाला रोप आणि एक प्रमाणपत्र मिळाले. त्यावर हिरवे पान होते आणि खाली लिहिले होते की आपल्या डिस्कवरील सर्व माहिती परत मिळवता येणार नाही अशा रीतीने नष्ट करण्यात आली आहे. या सगळ्या प्रकरणात ज्याने जे कबूल केले ते तंतोतंत पाळले, असा तो एकच कागद.

नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडला तेव्हा त्यात दर पूजेची एक, अशा मोठाल्या फायली दिसल्या. बायकोने त्यांतल्या शेवटच्या फायलीवर क्लिक केले. कॉम्प्युटरने विचारले, ही कशाने उघडू? तिने सुचवले ते त्याला पटेना. त्याने सुचवले त्यातले एक गाणी वाजवणारे होते आणि दुसरे चित्रे रंगवणारे. तिने भाच्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"अय्यो, त्या सिस्टिमच्या बॅकअपची फाइल? पेरिम्मा, तो फॉरमॅट डिप्रिकेटेड आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... सपोर्ट काढून घेतला."

"सरळ सांग."

"नव्याला जुनं ओळखू येत नाही."

"तुझ्यासारखंच म्हण की," ती म्हणाली. भाचा तिकडे हसला. इकडे कोणी हसले नाही.

त्याने एक-दोन उपाय कळवले. एकाने काही झाले नाही, दुसऱ्याने पैसे मागितले आणि मग काही झाले नाही. शेवटी त्यानेच सांगितले की जुनी सिस्टिम चालू असलेला एखादा कॉम्प्युटर मिळाला तर त्याच्यावर फाइल सहज उघडेल. हे त्याने डबा चिरडायच्या आधी सांगितले असते तर त्याला आर्किटेक्ट म्हणायला माझी हरकत नव्हती.

याच सुमारास मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष निवृत्त मोठे अधिकारी. ते फोनवरही व्यासपीठावरून बोलतात. वर्धापनदिनाच्या समारंभात बायकोच्या ध्वनिमुद्रणांचे 'ध्वनिकोश' या नावाने लोकार्पण करायचे त्यांनी ठरवले होते. ठरवले होते म्हणजे पत्रिका छापून झाल्या होत्या. पाहुणे कळ दाबणार आणि सभागृहात आवाज घुमणार.

"वहिनीसाहेबांना म्हणावं, कळ दाबली की आवाज आला पाहिजे. कोणताही. दोन मिनिटं. ओवी असली तर उत्तम."

"ओव्या नाहीत. शिव्या आहेत," मी म्हणालो.

"अं?"

"म्हाताऱ्यांच्या. अस्सल आहेत."

"पाहुण्यांना मराठी येत नाही," ते म्हणाले. "तेव्हा चालेल."

बायकोला समारंभाचे काही नव्हते. तिला फक्त आईचा आवाज पुन्हा लागतो की नाही हे पाहायचे होते. फाइल उघडत नाही म्हटल्यापासून ती जेवताना मध्येच थांबू लागली होती.

जुनी सिस्टिम मिळाली आवडीला. कारखान्यातला माझा एक जुना सहकारी, मूळ नागपूरचा, निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहतो आणि कुंडल्या मांडतो. त्याचे कुंडलीचे सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवरच चालते, म्हणून त्याने तो कॉम्प्युटर टॉवेल पांघरून जिवापाड जपला आहे. ड्राइव्ह पिवळ्या कापडी पिशवीत घालून आम्ही लोकलने सकाळीच त्याच्याकडे गेलो.

"या वहिनी," तो दारातच म्हणाला. "काय रे, कुंडली आणलीस की आजारी माणूस?"

"तुझा कॉम्प्युटर जिवंत आहे ना?"

"माझा राहू नव्या सिस्टिममध्ये शिरत नाही, बाबा. पोराने सांगितलं, अपग्रेड करा. म्हटलं, ग्रह केले का कोणी अपग्रेड?"

त्याने टॉवेल काढला, ड्राइव्ह जोडला, आणि ज्या खिडकीतून बायको दर वर्षी बॅकअप घ्यायची तीच खिडकी पडद्यावर आली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. ओळखीचे दार होते. तिने स्वतः शेवटची फाइल निवडली, परत आणायचे असे सांगितले, आणि पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. ती परीक्षेत पर्यवेक्षक बसतो तशी बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. पट्टी संपली.

"आलं की वहिनी!" मित्र म्हणाला. "बघा, खच्चून भरलंय."

खरोखरच खच्चून भरले होते. बायको मंडळाची स्मरणिका काढायची, त्यामुळे मंडळाच्या समारंभांचे फोटो वर्षानुवर्षे तिच्याकडे यायचे. कॅमेरा जोडला की कॉम्प्युटर स्वतःहून ते आपल्या ठरावीक जागी, म्हणजे माय डॉक्युमेंट्समध्ये, नेऊन ठेवी. ते सगळे आले होते. दीपप्रज्वलन करणारे पाहुणे. शाल घेणारे पाहुणे. शाल देणारे अध्यक्ष, त्याआधीचे अध्यक्ष, त्यांच्याही आधीचे. नारळ धरून उभी असलेली माणसे, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हा नारळ आता कुठे ठेवू हा प्रश्न. एकही फोटो हरवला नव्हता. काही तर तीन-तीनदा होते.

"हे नको," बायको म्हणाली. "डी कुठं अहे?"

मित्राने शोधले. त्याने आधीच्या वर्षाची फाइल उघडली, मग त्याच्या आधीची. प्रत्येक वेळी पट्टी सरकली आणि प्रत्येक वेळी तेच नारळ आले.

"वहिनी, डी घेतलेलाच नाही याने."

"दर वर्षी घेतलाय मी."

"दर वर्षी सी घेतलाय."

यात समजायला अवघड काही नाही, हेच त्यातले वाईट. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी तिला बजावले होते: मॅडम, सीवर सिस्टिम असते, ती केव्हाही बसते, महत्त्वाचे ते डीवर ठेवा. या शहरात, आणि बहुधा सगळ्या देशात, कॉम्प्युटर विकत घेणाऱ्याला हा मंत्र डब्याबरोबर फुकट मिळत असे. जे आवडते ते डीवर. म्हणून म्हाताऱ्या डीवर होत्या. आणि बॅकअप घेणारी खिडकी पहिलाच प्रश्न विचारते, काय काय घेऊ? चार पर्याय असतात. पहिल्यावर आधीच खूण असते: माझे डॉक्युमेंट्स आणि सेटिंग्ज. म्हणजे सीवरचे. बायको दर वर्षी 'पुढे' म्हणायची. फोटो वाढत होते, म्हणून फाइल वाढत होती, म्हणून तिला वाटत होते की म्हाताऱ्या वाढताहेत.

मी तिच्याकडे पाहिले नाही. मित्रही कीबोर्डवरची धूळ पुसत बसला. त्याच्या बायकोने आतून कॉफी आणली. माझ्या बायकोने तंबलर दवऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, रिकामा केला, पुन्हा भरला, कॉफी थंड केली आणि प्यायली.

"बेष अहे काफी," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत अंबत्तूरपर्यंत ती ड्राइव्हची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "वायरच्या टोकाला पिशवी बांधत होते मी." एवढेच.

घरी आल्यावर मी भाच्याला फोन केला. चिरडलेल्या डिस्कमधून काही काढता येते का? "नो चान्स, पेरिप्पा," तो म्हणाला. "ते लोक सर्टिफाइड आहेत." त्याच्या आवाजात खंत होती, नाही असे नाही. पण तिच्याखाली थोडा अभिमानही होता, काम चोख झाल्याचा.

अध्यक्षांना सांगणे माझ्याकडे आले. म्हाताऱ्या गेल्या, फोटो तेवढे आहेत, असे मी सांगितले. मला वाटले की माणूस आहेत, त्यांनाही लागले असेल.

"सगळ्या वर्षांचे आहेत?" त्यांनी विचारले.

"सगळ्या."

"म्हणजे मंडळाचा संपूर्ण इतिहास सुरक्षित आहे!" ते म्हणाले. "मग ध्वनिकोशाऐवजी दृश्यकोश म्हणू. पत्रिकेवर पट्टी चिकटवता येईल."

पट्टी चिकटवली गेली. बायको समारंभाला आली नाही. ड्राइव्ह घेऊन मला जावे लागले. पाहुण्यांनी कळ दाबली आणि पडद्यावर जुन्या समारंभांतले पाहुणे समया लावू लागले. टाळ्या पडल्या. ज्यांना आपला फोटो दिसला त्यांनी जास्त वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले की शब्द विरून जातात, चित्रे बोलत राहतात. आणि एका निष्ठावान भगिनीने वर्षानुवर्षे पूजाभावाने जपलेला हा ठेवा आहे. भगिनी हजर नसल्यामुळे शाल माझ्या खांद्यावर आली. नारळ धरून मी कॅमेऱ्याकडे पाहत उभा राहिलो. हा फोटोही बॅकअपमध्ये जाईल.

बायकोने पुन्हा सुरुवात करून पाहिली, हे सांगायलाच हवे. ज्यांना तिने पूर्वी ऐकले होते त्यांतल्या थोड्याच उरल्या होत्या. एक मुलीकडे परदेशात गेली होती, एक लेकालाही ओळखत नव्हती. मैलापूरला एक आजी ठणठणीत होत्या, बोलायला सगळ्यांत तिखट. बायको शेंगा घेऊन गेली. मला बरोबर नेले, कारण आजींच्या घरी लिफ्ट नव्हती आणि तिचे गुडघे आता एकट्याने चढत नाहीत.

आजींनी रेकॉर्डर पाहिला आणि पदर सारखा केला. सूनबाईने डिश घेतली आहे, त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी मराठी मालिका बघते. पुण्याकडची माणसे किती छान बोलतात!

"तुमचं ते, दूधवाल्याला म्हणायचात ते म्हणा की अक्का," बायको म्हणाली.

"छे गं. ते आमचं गावंढळ. आता मी शुद्ध बोलते." आणि शेंगा तशाच टोपलीत ठेवून त्यांनी मला उद्देशून, मालिकेतल्या सासूच्या सुरात, आपले मनोगत व्यक्त करायला सुरुवात केली. बायकोने रेकॉर्डर बंद केला नाही. आजींना वाईट वाटले असते.

त्यानंतर ते काम संपले. रेकॉर्डर कपाटात गेला आणि आमच्या घरात या विषयावर बोलणे बंद झाले. परवा धाकट्या मेहुणीचा कोइमतूरहून फोन आला तोपर्यंत.

दोघी बहिणी एकमेकींशी तमिळमध्येच बोलतात. कशावरून तरी वडिलांचा विषय निघाला. वडील ऑफिसातून कायम उशिरा येत, आणि सासूबाई त्यांना दारातच म्हणत, "ये बा राजा, ताट उठून तुला हुडकायला गेलं." एवढे वाक्य दोघींनी मराठीत म्हटले. वाक्याबद्दल वाद नव्हता. धाकटी म्हणाली, अम्मा काय गमतीने म्हणायची, अप्पापण हसायचे.

"गमतीने?" बायको म्हणाली. "चिडून म्हणायची. रडकुंडीला यायची. तू लहान होतीस."

"तूच तशी समजलीस. तुला सगळ्यात भांडणच दिसतं."

"तिने स्वतः म्हणून दाखवलं होतं मला. शेंगा सोलताना. रेकॉर्ड केलं होतं मी."

"मग ऐकव."

फोन स्पीकरवर होता. तिकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. धाकटीच्या ध्यानात आले असावे. पण तिने शब्द मागे घेतला नाही, आणि थोरलीने फोन ठेवला. आईवडिलांचा संसार सुखाचा होता की नव्हता एवढा त्यातला प्रश्न, आणि तो सोडवणारा आवाज श्रीपेरुंबुदूरच्या बाजूच्या कुठल्यातरी भंगार कारखान्यात जबाबदारीने भुगा झालेला.

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही तर कितीदा ऐकलंय. खरं सांगा. चिडून, की हसून?"

"चिडून," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि ती तांदूळ धुवायला आत गेली. तिच्या चालण्यात बऱ्याच दिवसांनी जोर होता.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेलेली असताना मेहुणीने माझ्या फोनवर फोन केला.

"भावजी, देवाशपथ सांगा. अम्मा हसून म्हणायची ना?"

"हसून," मी म्हणालो.

"मग तिला सांगा की तुम्ही."

"सांगतो," म्हणालो, आणि फोन ठेवला.